आंब्याचा भिरूड : एका लांबशिंगी भुंगेऱ्याची ओळख

शास्त्रीय नाव : बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा (द गीर, 1775)
कुल : सेरॅम्बिसिडी
लांबी : प्रौढ सुमारे 5 सेंमी, पूर्ण वाढीची अळी 8 सेंमींहून अधिक

कोकणात रामवाडीपासून रोह्यापर्यंतच्या मुलखात उभा आंबा सुकू लागला, की बुंध्याशी साचलेला भुसा हा बहुधा या कीटकाच्या गुप्त मुक्कामाचा पहिला दाखला असतो. सालीत घातलेल्या अंड्यातून निघालेली पायविहीन, पांढुरकी अळी खोड पोखरीत महिनोन्‌महिने अंधारात वाढते, तेथेच कोशावस्थेत जाते आणि पावसाळ्याच्या सुमारास, मस्तकामागे दोन तांबूस ठिपके व, नर असल्यास, देहाहूनही दीर्घ शृंगिका मिरवीत, निशाचर भुंगेरा होऊन बाहेर पडते. फणस आणि अंजीर हीही त्याची आश्रयस्थाने होत. तारेच्या आकड्याने अळी काढून छिद्र मातीने लिंपण्याची तजवीज वेळीच झाली, तर पिढ्यांची सावली वाचते.