हे कुठल्या लढाईचं स्मारक?

आई आणि अण्णा यंदा पहिल्यांदाच सहा महिन्यांसाठी आमच्याकडे बर्मिंगहॅमला आले आहेत. लंडन झालं, टिव्हिडेलचा बालाजी झाला, मंडळाचा गुढीपाडवाही झाला. मग एका शनिवारी पोहे खाता खाता अण्णा म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, पण फौजेचं काहीतरी दाखव की." अण्णा सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, आमच्या गल्लीत घरटी एक तरी माणूस फौजेत. मी मात्र पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करून इकडे आलो, आणि ते अण्णांनी मला अजून पूर्ण माफ केलेलं नाही.

स्टॅफर्डशायरमध्ये अल्रेवस गावाजवळ नॅशनल मेमोरियल आर्बोरेटम आहे. आमच्या घरापासून गाडीने पाऊण तास. दीडशे एकरांत झाडं लावलेली आणि झाडांमधून सैनिकांची शेकडो स्मारकं. प्रवेश फुकट, फक्त पार्किंगचे पैसे द्यायचे, त्यामुळे आईही खूश. तिथल्या उंचवट्यावर दगडी भिंतींचं मोठं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात कामगिरीवर गेलेल्या सोळा हजारांहून जास्त जणांची नावं त्यावर कोरली आहेत. भिंतीत एक फट ठेवली आहे. दर ११ नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता तिच्यातून ऊन येतं आणि बरोबर मधल्या पुष्पचक्रावर पडतं. अण्णांनी ती फट दोन्ही बाजूंनी बघितली आणि म्हणाले, "काम चोख आहे."

पुढे एका कोपऱ्यात तीनशेहून जास्त लाकडी खांब रोवलेले आहेत. पहिल्या महायुद्धात पळून गेले, घाबरले म्हणून ज्यांना त्यांच्याच सैन्याने गोळ्या घातल्या, त्यांचे हे खांब. २००६ मध्ये सरकारने त्यांना माफी दिली. अण्णा बराच वेळ तिथे उभे होते. "पोरं होती रे," एवढंच बोलले.

आणि मग ते पत्र दिसलं. ब्राँझचं, चांगलं मोठं, कोणीतरी चुरगळून टाकलेलं आणि पुन्हा उलगडायचा प्रयत्न केलेलं. त्यावर वाक्यं कोरलेली. अण्णांना इंग्रजी वाचता येतं, पण अक्षरं वळणावळणाची होती. त्यांनी मला विचारलं, "हे कुठल्या लढाईचं?"

मला उत्तर माहीत होतं. २७ ऑक्टोबर २०२५ ला राजे चार्ल्स यांनी त्याचं अनावरण केलं, तेव्हा मी बातमी बघितली होती. पण उत्तर देताना जीभ अडखळली. 'समलिंगी' हा शब्द मी आजपर्यंत अण्णांसमोर उच्चारलेलाच नव्हता. शेवटी आईला बाकावर बसवून थर्मासमधला चहा दिला आणि अण्णांना जमेल तसं सांगत गेलो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये दोन सज्ञान पुरुषांमधले संबंध १९६७ मध्ये गुन्ह्याच्या यादीतून निघाले. पण त्या कायद्याने सैन्याला वगळलं होतं. गणवेशातल्या माणसासाठी तो १९९४ पर्यंत गुन्हाच राहिला, आणि १९९४ नंतरही नोकरीवरून काढायला तेवढं कारण पुरत होतं. स्त्रियांनाही तोच नियम. संशय आला की लष्करी पोलीस यायचे. कपाटं उघडायचे, पत्रं वाचायचे, तासन्‌तास खासगी प्रश्न विचारायचे. स्मारक पत्राचं आहे ते त्यामुळेच. जवळच्या माणसाने लिहिलेलं पत्र हाच पुरावा ठरायचा.

जो ओसालिस नावाचे एक रेडिओ ऑपरेटर होते. ब्रिटिश नौदलात जवळजवळ अठरा वर्षं, फॉकलंडच्या युद्धातही होते. त्यांना पुरुष आणि स्त्रिया दोन्हींबद्दल आकर्षण आहे म्हणून १९९३ मध्ये काढलं. दीर्घ सेवा आणि चांगल्या वर्तणुकीचं पदक परत घेतलं. गणवेशावरून ते कात्रीने कापून काढलं, असं त्यांनी नंतर सांगितलं. २०२० मध्ये पदक परत मिळालं, तेही कोर्टात गेल्यावर.

पदकाचं ऐकून अण्णांचा चेहरा बदलला. त्यांची पदकं आमच्या गावच्या घरात देवघराशेजारच्या काचेच्या कपाटात आहेत. दसऱ्याला ते स्वतः पुसतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत.

पण लगेच म्हणाले, "ते पदकाचं चुकलंच. पण पलटणीत असलं कसं चालेल? एका बराकीत चाळीस पोरं झोपतात. बाकीच्यांनी काय करायचं?"

गंमत म्हणजे ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाचाही हाच मुद्दा होता. चार जण कोर्टात गेले होते. हवाई दलातल्या नर्स जीनेट स्मिथ आणि सार्जंट ग्रॅम ग्रेडी, नौदलातले डंकन लस्टिग-प्रीन आणि जॉन बेकेट. चौघांच्या कामाबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. इथल्या न्यायालयांत ते हरले आणि स्ट्रासबर्गला युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. मंत्रालयाने १९९६ मध्ये एक मोठा अहवाल केला होता, त्यात सैनिकांची मतं गोळा केली होती. त्याचं सार असं की ही माणसं काम चांगलं करतात, पण बाकीच्यांना ती चालणार नाहीत आणि पलटणीची एकी बिघडेल.

२७ सप्टेंबर १९९९ ला निकाल लागला. न्यायालयाने म्हटलं की बाकीच्यांच्या मनात अढी आहे, एवढ्यावरून कोणाला काढता येणार नाही. वेगळा वंश, वेगळा रंग असलेल्या माणसाबद्दल अढी असली तर ती कारण म्हणून चालत नाही, मग इथेही नाही.

हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा या जागेवर थांबलो होतो. कारण रंगाचं आपल्याला माहीत आहे. मी इथे आलो त्या वर्षी एका घरमालकाने मला फार सभ्यपणे सांगितलं होतं, "माझं काही नाही हो, पण शेजाऱ्यांना तुमच्या स्वयंपाकाचा वास चालणार नाही."

अण्णांना मी त्यांच्याच हुद्द्याची गोष्ट सांगितली. इंग्रजांच्या काळात सुभेदार कितीही मुरलेला असला तरी कालच आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटच्या खालीच. हिंदी माणसाला सँडहर्स्टची दारं उघडली ती १९१८ पासून, तीही वर्षाला दहा जागांपुरती. पुढे १९२३ मध्ये आठ पलटणी वेगळ्या काढून हिंदी अधिकारी तिथे नेमायचं ठरलं, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्याला हिंदी अधिकाऱ्याच्या हाताखाली राहायची वेळ येऊ नये. तेव्हाही कारण हेच होतं, 'बाकीच्यांना चालणार नाही'.

अण्णा म्हणाले, "हां. आमचे आजोबा सांगायचे." मग विचारलं, "बरं, मग इथे काय झालं? बिघडली का पलटण?"

तर १२ जानेवारी २००० ला बंदी उठली. त्या जागी वर्तणुकीचा एकच नियम आला, सगळ्यांना सारखा. तुझ्या वागण्यामुळे पलटणीच्या कामाला बाधा येते का, एवढंच विचारायचं. स्त्री-पुरुष असो की दोन पुरुष, त्रास दिला तर कारवाई. मी रोज प्रोग्राम लिहितो, त्या भाषेत सांगायचं तर माणूस कोण आहे ही अट काढली आणि काय केलं ही ठेवली. लोक राजीनामे देतील, भरती बंद पडेल अशी भीती होती. तसं काहीच झालं नाही. नंतरच्या इराक आणि अफगाणिस्तानच्या लढाया हेच सैन्य लढलं. २००८ मध्ये तिन्ही दलांचे लोक गणवेशात लंडनच्या प्राइड मिरवणुकीत चालले.

नियम एका दिवसात बदलला. बाकीचं सावरायला पंचवीस वर्षं गेली. निवृत्त न्यायाधीश लॉर्ड एथर्टन यांनी चौकशी केली, हजाराहून जास्त लोकांनी आपली हकिगत लिहून दिली. जुलै २०२३ मध्ये अहवाल आला, त्यात ४९ शिफारशी होत्या. त्याच दिवशी पंतप्रधान ऋषी सुनक यांनी संसदेत माफी मागितली. हे स्मारक त्या शिफारशींपैकीच एक. डिसेंबर २०२४ मध्ये साडेसात कोटी पौंडांची भरपाई जाहीर झाली, काढून टाकलेल्याला पन्नास हजार पौंड. तोवर अनेक जण म्हातारे झाले होते, काही गेलेही होते.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमातून सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध वगळले. पण राज्यघटनेच्या ३३ व्या अनुच्छेदाने सैन्यापुरते मूलभूत हक्क मर्यादित करता येतात, आणि लष्कराचा कायदा वेगळा आहे. जानेवारी २०१९ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख बिपिन रावत यांनी लष्करात हे चालू देणार नाही, असं पत्रकारांना सांगितलं. लष्कर जुन्या वळणाचं आहे, असंही म्हणाले.

अण्णा हे सगळं ऐकून घेत पत्राभोवती एक फेरी मारून आले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्यात एक जण होता. वायरलेसवर त्याच्यासारखा हात कोणाचा नव्हता. पोरं मागे काहीबाही बोलायची. एकदा रजेवर गेला तो परत आलाच नाही. मी त्याचा हवालदार होतो. मीपण कोणाला काही विचारलं नाही."

मी पुढे खोदलं नाही. आईचा चहा संपला होता. आम्ही गाडीकडे निघालो.

परतीच्या रस्त्यात दोघंही मागे झोपले आणि मला माझी गोष्ट आठवत राहिली. ती अण्णांना सांगितली नव्हती.

मला आत्या चार आणि आतेभावंडं डझनभर, त्यामुळे हा त्यातला कोण हे शोधत बसू नका. आम्ही दोघं लहानपणी सुट्टीत स्टार ट्रेक बघायचो. त्यातलं स्टारफ्लीट म्हणजे दोन-तीनशे वर्षांनंतरचं अंतराळातलं आरमार, अगदी हुद्दे आणि गणवेशासकट. मालिका १९६६ ची, पण जहाजावर काळी बाई अधिकारी, जपानी वंशाचा सुलू, शीतयुद्ध चालू असताना रशियन चेकॉव्ह. भाऊ म्हणायचा, मला असल्याच फौजेत जायचंय. पुढे पदवीनंतर खरोखरच सीडीएसचा अभ्यास करत होता.

२०१६ मध्ये नवीन सिनेमा आला. त्यात अगदी थोडा वेळ सुलू दिसतो त्याच्या जोडीदाराबरोबर, आणि तो जोडीदार पुरुष असतो. दोघांची एक लहान मुलगी असते. रात्री भावाचा फोन आला. "दादा, सुलू बघितलास?" मी म्हटलं, "हो, त्यात काय?" तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "पन्नास वर्षं लागली रे त्यांना. पुढच्या शतकांतली फौज, सगळ्या ग्रहांवरची माणसं आहेत, आणि माझ्यासारखं कोणी नव्हतं."

मला समजलं. आणि मी काय उत्तर दिलं? "हे बघ, मला काही प्रॉब्लेम नाही. पण घरी सांगू नकोस, त्यांना झेपणार नाही. आणि फौजेचं तर विसरच, तिथे बाकीचे जगू देणार नाहीत."

मला वाटलं होतं मी फार समंजसपणे बोललो. इंग्लंडमध्ये राहतो, मोकळ्या विचारांचा आहे. पण बोललो ते संरक्षण मंत्रालयाच्या अहवालातलं आणि त्या घरमालकाचं वाक्य. माझं काही नाही, बाकीच्यांचं आहे. त्या बाकीच्यांत अण्णाही होते, आणि अण्णांना मी एकदाही विचारलं नव्हतं. भावाने सीडीएसचा फॉर्म भरला नाही. कारण मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. आता वय उलटून गेलंय.

त्या रात्री मी त्याला पत्राचा फोटो पाठवला आणि दहा वर्षांपूर्वीच्या त्या फोनबद्दल माफी मागितली. उत्तर सकाळी आलं. "तुला आठवतंय, मला वाटलं विसरलास." मग वायरलेसवाल्या माणसाची गोष्ट त्याने मला फोनवर दोनदा सांगायला लावली.

हा लेख पाठवण्याआधी त्याला वाचायला दिला. त्याने दोन ठिकाणी गाव आणि नोकरी काढायला सांगितली, ती काढली. मी विचारलं, "अण्णा रोज सकाळी हा ई-पेपर वाचतात, माहीत आहे ना?"

तो म्हणाला, "माहीत आहे. मामा सप्टेंबरला गणपतीसाठी येतोय ना, तेव्हा मी स्वतः भेटायला जाणार आहे. तोवर वाचू दे."