गाडीखालचं शहाणं कुत्रं

‘गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं, गाडी आपणच ओढतो’ असं आपल्याकडे म्हणतात. एखाद्याचा फुकाचा अभिमान उतरवायला ही म्हण फार उपयोगी. पण गाडिया लोहारांच्या बैलगाड्या गावाबाहेर येऊन थांबताना ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना या म्हणीतल्या कुत्र्याबद्दल जरा वेगळं वाटेल. ते कुत्रं गाडीखालून चालतं, कारण सगळ्या रस्त्यावर सावली तेवढीच असते. गाडीबरोबर ती चालते आणि तिच्याबरोबर कुत्रं. अभिमान वगैरे आपण त्याच्या माथी मारलेला. ते बिचारं आपलं डोकं वापरत असतं.

हे मला कळायला वयाची चाळिशी उलटावी लागली आणि एक कुत्रा जवळजवळ गमवावा लागला.

१९९४ चा मे महिना. मी तेव्हा दीपनगरला, औष्णिक वीज केंद्रात नोकरीला होतो. वीज मंडळ तेव्हा अखंड होतं. त्याच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या २००५ साली. मंडळाच्या माणसाचा संसार म्हणजे ट्रकात मावेल एवढा. कधी कोराडी, कधी परळी, कधी चंद्रपूर. आमची बदली झाली नाशिकजवळच्या एकलहऱ्याला. सौ. आणि दोन्ही मुलं आदल्या दिवशीच रेल्वेने पुढे गेली. मागे राहिलो मी, सामान आणि वाघ्या.

वाघ्या तसा कुठल्या जातीचा नव्हता. वसाहतीत जन्मलेला, आमच्या व्हरांड्यात वाढलेला, काळ्या पाठीचा गावठी कुत्रा. मुलगी चौथीत होती. निघताना तिने मला एकच गोष्ट बजावली होती. “बाबा, कपाट विसरलात तरी चालेल. वाघ्याला आणा.”

पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं. पण बदलीच्या ट्रकाचं वेळापत्रक ज्यांना माहीत आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. हमाल आठला आले, गोदरेजचं कपाट जिन्यात अडकलं, शेजाऱ्यांनी चहा पाजला, आणि साडेदहाला एकदाचा ट्रक हलला. वाघ्याला मी मागे, कपाट आणि पत्र्याच्या ट्रंका यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, पलंगाच्या पायाला बांधला. वर ताडपत्री होती, पुढ्यात पाण्याचं पातेलं ठेवलं होतं. सगळी व्यवस्था चोख केल्याच्या समाधानात मी ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलो.

खानदेशातलं मे महिन्याचं ऊन मी काही वेगळं सांगायला नको. भुसावळचा पारा ४५ च्या पुढे गेला की बाहेरच्या लोकांना बातमी वाटते, आम्हाला तो मे महिना वाटतो. जळगाव मागे पडलं, एरंडोल गेलं. पारोळ्याच्या पुढे ट्रक चहाला थांबला, तेव्हा दुपारचा दीड वाजला असेल. मी सहज मागे चढून पाहिलं.

पातेलं पहिल्याच खड्ड्याला उपडं झालेलं होतं. ताडपत्रीखालची हवा भट्टीसारखी झाली होती आणि ट्रंकांच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. वाघ्या आडवा पडला होता. जीभ बाहेर, हिरड्या लालभडक, तोंडाला चिकट फेस. हाक मारली तर डोळे फिरले, पण मान उचलली नाही.

ड्रायव्हरने आणि मी मिळून त्याला खाली घेतलं. रस्त्याच्या कडेला विहीर होती, शेजारी निंबाचं मोठं झाड. त्याखाली एका ठेलारी कुटुंबाचा मुक्काम पडला होता. मेंढ्या सावलीत माना खाली घालून उभ्या, घोडी बांधलेली, खाटेखाली कोंबड्यांचं खुराडं. मी घाईघाईने एक गोणपाट ओलं केलं आणि वाघ्याला त्यात गच्च गुंडाळलं. ओल्या गोणपाटात माठ गार राहतो, तसा कुत्राही राहील, हा माझा हिशेब.

म्हातारा ठेलारी उठून आला. त्याने न विचारता ते गोणपाट ओढून बाजूला टाकलं.

“पोतं काढी टाका भाऊ. वारा लागू द्या त्याले.”

मग त्याने विहिरीचं पाणी वाघ्याच्या पोटावर, जांघेत, मानेखाली धरलं. त्याच्या नातवाने धोतराच्या फडक्याने वारा घालायला सुरुवात केली. मी वाटीने वाघ्याच्या तोंडात पाणी ओतायला गेलो, तर म्हाताऱ्याने हात धरला. शुद्धीत नसलेल्या जनावराच्या घशात पाणी ओतलं तर ते छातीत जातं, हे त्याला ठाऊक होतं. मला नव्हतं. दहा-पंधरा मिनिटांनी वाघ्याने डोकं उचललं आणि स्वतःहून दोन-चार घोट प्याला. तेव्हा म्हातारा पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलला, “इतल्या उन्हात मुकं जनावर कोनी लई जास का?”

मी काही उत्तर दिलं नाही. देण्यासारखं नव्हतंच.

धुळ्याला जनावरांच्या दवाखान्यात पोचलो, तेव्हा वाघ्याचा ताप १०४ होता. डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि मला समोर बसवून धडा दिला, तो आजही पाठ आहे. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०६ च्या वर गेलं की मेंदू, मूत्रपिंड, आतडी सगळ्यांवर घाला पडतो. माणसाला सर्वांगाला घाम येतो, कुत्र्याला तो फक्त पंजांच्या गादीला, नावापुरता. त्याचं सगळं शरीर थंड होतं ते धापा टाकून, जिभेवरचं पाणी उडवून. सभोवतीची हवाच तापलेली आणि कोंडलेली असली, की धापा टाकून उपयोग नाही. नकट्या तोंडाच्या पग-बुलडॉगसारख्या जातींचं तर विचारूच नका. ओल्या कापडात गुंडाळलं, की ते कापडच थोड्या वेळात गरम होऊन आतली उष्णता आत ठेवतं. म्हणून आधी पाणी, मग वारा, आणि तसंच थेट दवाखाना. “वाटेत थंड केलंत म्हणून हा वाचला,” डॉक्टर म्हणाले. मी केलं नव्हतं, ज्याने केलं त्याचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

वाघ्या पुढे नऊ वर्षं जगला. मुलीला ही हकिकत मी ती कॉलेजात गेल्यावर सांगितली. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्या म्हाताऱ्याची आठवण आली की मला वाटतं, जनावरांसह प्रवास कसा करावा हे शिकायला आपण उगाच लांब पाहतो. धुळे-नंदुरबारकडचे ठेलारी वर्षातले कितीतरी महिने वाटेवरच असतात. घोड्याच्या पाठीवर सगळा संसार, त्यावर चालू न शकणारी कोकरं आणि कोंबड्या, मागे मेंढरं, कडेने कुत्री. शेतकरी खतासाठी शेतात मेंढ्या बसवतो, धान्य देतो, की मुक्काम पुढे हलतो. त्यांचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण पक्के आहेत. पहाटे निघायचं. ऊन चढलं की झाड गाठायचं. मुक्काम पाणी बघून ठरवायचा. जे चालू शकत नाही त्याला उचलून घ्यायचं. रात्री कुत्री राखणीला आणि पिल्लं आत.

यातलं एकही कलम मी त्या दिवशी पाळलं नव्हतं.

पुढे २००३ मध्ये मी दीपनगरला परत आलो, इथूनच निवृत्त झालो, आणि वसाहत सोडून जवळच फेकरीला घर बांधलं. मुलगी पुण्याला. गेल्या डिसेंबरात तिने फोन केला, “बाबा, आम्ही घर घेऊन येतोय.” मला वाटलं फ्लॅट घेतला. तर दारात एक मोठी गाडीच उभी! आत दोन बिछाने, गॅसची शेगडी, बेसिन, एवढंसं न्हाणीघर. कॅराव्हॅन म्हणतात तिला. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी धोरणही आणलं. ही भाड्याची होती. आणि आत ऐटीत बसलेलं बिस्कीट, मुलीचं लॅब्रॅडॉर. तोरणमाळला जायचं ठरलं होतं.

सौ. गाडीत चढून सगळं बघून आली आणि म्हणाली, “ही तर गाडिया लोहाराची गाडी, फक्त बैल नाहीत.” मला ते पटलं. म्हणूनच निघण्यापूर्वी मी मुलीला आणि जावयाला समोर बसवलं आणि धुळ्याच्या डॉक्टरांचा धडा दिला. त्यात त्यांचं त्यांनी शिकलेलंही पुष्कळ होतं. दोन्ही मिळून जे झालं, ते वाचकांच्या कामी यावं म्हणून इथे देतो.

पहिली गोष्ट, बंद गाडी. बाहेर साधं ऊन असलं तरी उभ्या, बंद गाडीतलं तापमान अर्ध्या तासात पंधरा-वीस अंश सेल्सिअसने चढतं. काच दोन बोटं उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून हॉटेलात शिरलेला माणूस पाच मिनिटांत येत नाही, हा आपला सर्वांचा अनुभव. गाडीला वातानुकूलन असलं तरी इंजिन किंवा बॅटरी बंद पडली की ते संपलं. एकाने खाली बसून जेवावं, एकाने कुत्र्याजवळ थांबावं, मग पाळी बदलावी.

दुसरी, गाडीतली जागा. घरासारखी गाडी म्हणून कुत्र्याला घरासारखं हिंडू देऊ नये. जोराचा ब्रेक लागला तर तीस किलोचं जनावर पुढच्या माणसावर येऊन आदळतं. बिस्कीटच्या अंगात छातीचा पट्टा होता आणि तो मागच्या आसनाच्या बेल्टला अडकवलेला. गळपट्ट्याला बांधू नये, गळ्याला फास बसतो. मांजर असेल तर हवा खेळणारी घट्ट झाकणाची टोपली, आणि ती टोपली गाडीला बांधलेली. खिडकीतून तोंड बाहेर काढलेला कुत्रा फोटोत छान दिसतो, पण डोळ्यांत कचरा जातो तो त्याच्या.

तिसरी, दार. प्रवासात कुत्री हरवतात ती बहुतेक थांब्यावर. दार उघडलं की नव्या वासाला भुलून उडी मारतात. आधी साखळी हातात, मग दार. गळ्यात फोन नंबर कोरलेला बिल्ला हवाच.

चौथी, खाणं-पाणी. निघण्याआधी तीन-चार तास हलकं खाणं, नंतर मुक्कामावरच पोटभर. शहाद्यापुढे तोरणमाळच्या सात पायरी घाटाची वळणं लागली, तेव्हा सकाळी उपाशी ठेवलेलं बिस्कीट ठणठणीत होतं; भरपेट पोहे खाऊन बसलेले जावई मात्र पिवळे पडले. पाणी घरचंच न्यावं आणि दर दोन-अडीच तासांनी थांबून पाजावं. आमच्या भागासाठी एक खास सूचना. यावल-चोपड्याच्या रस्त्याला केळीच्या बागा आहेत. ठिबकच्या टाकीत खत विरघळवलेलं असतं, कपाशीवर फवारणी झालेली असते. शेतातल्या टाकीला, पाटाला कुत्र्याचं तोंड लागू देऊ नये.

पाचवी, रात्र. सातपुड्यात बिबट्या आहे आणि कुत्रं त्याच्या आवडीचं. अंधार पडला की कुत्रा गाडीच्या आत, बाहेर बांधून झोपायचं नाही. आणि अभयारण्यात पाळीव कुत्रा नेऊ देत नाहीत, तेव्हा वाटेतलं ठिकाण आधी पाहून घ्यावं.

सहावी, कागद. रेबीजची लस घेतल्याची नोंदवही आणि डॉक्टरांचा तब्येतीचा दाखला बरोबर असावा. रेल्वेने जायचं तर पहिल्या वर्गाचा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्या नावावर हवी. स्लीपर किंवा थ्री-टियरमध्ये कुत्रा चालत नाही. दुसरा मार्ग गार्डाच्या डब्यातल्या पेटीचा. पण उन्हाळ्यात भुसावळहून दिवसाच्या गाडीला त्या लोखंडी पेटीत कुत्रा घालण्यापूर्वी माझा ट्रक आठवा. आणि पिंजऱ्यातला पोपट बरोबर न्यायचा विचार असेल, तर आपला देशी पोपट पाळणंच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्याला प्रवासाला नेण्यापेक्षा वन खात्याच्या स्वाधीन करणं बरं.

शेवटची गोष्ट कुठल्याच यादीत बसत नाही. काही जनावरांना प्रवास सोसतच नाही. म्हातारं कुत्रं, आजारी मांजर, आठ दिवसांची वीण झालेली मादी यांना मागे, ओळखीच्या माणसाकडे ठेवणं हीसुद्धा मायाच. आपली हौस आणि त्यांची सोय या दोन गोष्टी आहेत. कायद्यानेही, १९६० पासून, जनावराला हाल होतील अशा रीतीने नेणं गुन्हा आहे. पण कायद्याचा धाक आपल्याला वाटतो. जनावराला फक्त ऊन लागतं.

तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठी गाडी लावली. दुपारी बिस्कीट आत काही राहीना. मुलीने दार उघडलं, साखळी धरली. ते उतरलं, इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ गाडीखाली शिरून, दोन चाकांच्या मधल्या सावलीत पोट टेकून पडलं. आतमध्ये पंखा होता, गादी होती. त्याला ती सावलीच बरी वाटली.

मुलगी हसून म्हणाली, “बघा, आता त्याला वाटेल गाडी आपणच ओढतो.”

मी काही बोललो नाही. पाण्याचं भांडं उचललं आणि गाडीखाली सरकवलं.