वाचता येणे आणि समजणे : वाशिमच्या मातीतले काही दाखले

जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे सात वर्षे वा त्यावरील ज्या व्यक्तीला कोणतीही एक भाषा समजून वाचता आणि लिहिता येते, ती साक्षर. या व्याख्येतला 'समजून' हा शब्द सहज नजरेआड होतो. प्रगणक दारात येऊन विचारतो आणि नोंद करतो. समज तपासण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. अक्षर ओळखणे आणि आशय कळणे यांतले हे अंतर वाशिम जिल्ह्यात फार जुन्या काळापासून दिसते.

वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. १९३९ साली येथे विंध्यशक्ती दुसरा या राजाचे ताम्रपट उजेडात आले. इसवी सनाच्या चौथ्या शतकातले, त्याच्या राज्याच्या ३७ व्या वर्षी दिलेले हे दानपत्र आहे. त्यातली राजवंशाची ओळख संस्कृतात आहे. दानाचा व्यवहार मात्र प्राकृतात. प्राकृत ही दख्खनच्या राजव्यवहारात सातवाहनांपासून रुळलेली भाषा होती. वंशाचा गौरव भारदस्त भाषेत, आणि ज्यावर अंमलबजावणी व्हायची तो हुकूम व्यवहारात मुरलेल्या भाषेत, अशी ही वाटणी दिसते. प्रत्येक गावकऱ्याला तो पट वाचता येत असेल असे नाही. पण वाचून दाखवला, तर प्राकृत मजकूर कानाला अधिक जवळचा वाटला असेल, असे अनुमान करायला जागा आहे.

अशा ताम्रपटांचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की शब्दाशब्दांत मोकळी जागा नसते. पुढे मोडीतही साधारण हीच रीत राहिली. आज आपल्याला हे अवघड वाटते; पण बोलणे तरी वेगळे कुठे असते? कोणाचे बोलणे ध्वनिमुद्रित करून त्याचा आलेख पाहिला, तर दोन शब्दांमध्ये बहुधा खंड आढळत नाही. शब्द तोडण्याचे काम ऐकणाराच करतो, आणि ते भाषेच्या ओळखीच्या बळावर. म्हणून अनोळखी भाषा नेहमी भरभर बोलल्यासारखी वाटते.

ऐकणारा केवळ तोडत नाही, भरही घालतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरन यांनी १९७० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाक्यातल्या एका शब्दामधला एक ध्वनी काढून तिथे खोकल्याचा आवाज घातला. ऐकणाऱ्यांपैकी जवळपास सर्वांना शब्द अखंड ऐकू आला. नेमका कोणता ध्वनी गळाला, हे त्यांना सांगता येईना. कान देतो त्यात मन आपल्या पदरचे घालते, तेव्हा कुठे ऐकणे पुरे होते.

वऱ्हाडीचा दाखला घेऊ. या बोलीत 'ळ'चा पुष्कळदा 'य' होतो : डोळा – डोया, शाळा – शाया, काळा – काया. 'माझ्या'चे 'माया' होते. "माया घरी काया बैल हाये" हे वाक्य कागदावर पाहणाऱ्या परक्या वाचकाला आधी ममता आणि शरीर आठवतील. रिसोड किंवा मंगरुळपीरच्या माणसाला ऐकताना क्षणभरही अडखळायला होत नाही. पुढचे 'घरी' आणि 'बैल' मागच्या शब्दांचा अर्थ पक्का करतात. हे अशुद्ध बोलणे नव्हे. याला स्वतःचे नियम आहेत. अडचण येते ती या कानाने पाठ्यपुस्तकातले प्रमाण मराठी वाचायला बसल्यावर. तरी वऱ्हाडी मूल ही दरी बऱ्याच अंशी स्वतःच ओलांडते, कारण दोन्हींकडचा शब्दसंग्रह आणि वाक्यरचना पुष्कळशी सारखी आहे.

तांड्यावरच्या मुलाची दरी याहून रुंद. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान. या समाजाची गोरबोली राजस्थानी बोलींच्या जवळची. तिला स्वतःची रूढ लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत, तेलंगण-आंध्रात तेलुगू लिपीत, कर्नाटकात कन्नड लिपीत लिहिली जाते. जनगणनेत लमाणी आणि बंजारी या नोंदी हिंदीच्या गटात मोडतात. या घरात आई ही 'याडी' आणि भाकर ही 'बाटी'. आईला हाक मारणारा हा शब्द वर्गात 'येडी'सारखा ऐकू आला, की हसू होते; आणि हसू झालेले मूल पुढे गप्प बसते.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली वाचनाचे एक साधे सूत्र मांडले : वाचून समजणे म्हणजे अक्षरे उलगडणे गुणिले भाषा समजणे. येथे बेरीज नसून गुणाकार आहे, ही त्यातली खरी मेख. एक बाजू शून्य असेल, तर दुसरी कितीही भक्कम असून उत्तर शून्यच. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेच सरळ आहे. त्यामुळे मूल धडा खडाखडा वाचून दाखवू शकते आणि तरी त्याला धडा कळलेला नसतो.

याच जिल्ह्यातल्या कारंजाच्या जैन ग्रंथभांडारांनी हीच गोष्ट मोठ्या पटावर दाखवली. दहाव्या शतकातल्या पुष्पदंताची अपभ्रंश काव्ये तेथील पोथ्यांत जपली गेली. अक्षर टिकले, पण ती भाषा बोलणारे उरले नव्हते. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले 'जसहरचरिउ' १९३१ साली आणि हिरालाल जैन यांनी संपादिलेले 'णायकुमारचरिउ' १९३३ साली कारंजा ग्रंथमालेतून निघाले, तेव्हा ही काव्ये पुन्हा वाचकांच्या हाती आली. त्यासाठी विद्वानांना हरवलेल्या भाषेचे व्याकरण आणि शब्दकोश यांचा आधार घ्यावा लागला.

तांड्यावरच्या मुलाची भाषा मात्र हरवलेली नाही. ती त्याच्या तोंडात आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. धडा वाचून झाल्यावर "आता हेच तुझ्या बोलीत सांग" एवढे विचारले, तरी गुणाकाराची दुसरी बाजू उघडी पडते. मूल सांगू लागले, तर ते साक्षर झाले. अडले, तर कोणता शब्द शिकवायचा राहिला ते गुरुजींना कळते.