तरुण उद्योजक आणि नवप्रवर्तन : सातारा-सांगलीच्या इतिहासाच्या आधारे काही गैरसमजांची तपासणी

गैरसमज : यशासाठी आजवर कोणालाच न सुचलेली कल्पना लागते.

वस्तुस्थिती : अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुम्पीटर यांनी शोध आणि नवप्रवर्तन यांत भेद केला, शोध म्हणजे नवी गोष्ट सुचणे किंवा सापडणे, तर नवप्रवर्तन म्हणजे ती उत्पादनात आणि बाजारात प्रत्यक्ष उतरवणे. लोखंडी नांगर उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी शोधलेला नव्हता, कारण विलायती नांगर त्याआधीच देशात येत होते. पण तो येथे घडवून येथल्या शेतकऱ्याच्या हाती देणे हे काम मात्र कोणी केलेले नव्हते. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल जातात, आणि लाकडी नांगर माती फाडतो खरा, तरी ती पालथी करत नाही. लोखंडी नांगराचा फाळ मातीचा थर कापतो व मागचे वळणदार पाते तो उलथून टाकते, म्हणून तणाची मुळे उघडी पडून उन्हात वाळतात. एवढा उघड फायदा असूनही लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. वस्तू तयार होणे आणि वस्तू पटणे यांच्यामधला हा काळ उद्योजकाला तग धरून काढावा लागतो, आणि बहुतेक यशोगाथांत नेमका तोच गाळलेला असतो. पुढे हे नांगर खेडोपाडी खपवणाऱ्या विक्रेत्यांत रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील हेही होते.

गैरसमज : नवप्रवर्तन ही केवळ पंचविशीच्या आतल्यांची मिरास आहे.

वस्तुस्थिती : अमेरिकेतील नवउद्योगांच्या संस्थापकांचा मोठा अभ्यास पिएर अझुले, बेंजामिन जोन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, तेव्हा सर्वांत वेगाने वाढलेल्या हजारांत एक अशा उद्योगांच्या संस्थापकांचे सुरुवातीच्या वेळचे सरासरी वय ४५ निघाले, आणि त्याच क्षेत्रातला पूर्वानुभव ही मोठी जमेची बाजू ठरली. लक्ष्मणरावांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी १९१० साली वसली तेव्हा १८६९ साली जन्मलेले ते चाळिशीत होते आणि मुंबईच्या तंत्रशाळेतील अध्यापन व बेळगावातील सायकलचे दुकान हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. सातारारोडला कारखाना काढणारे धनजीशा कूपरही तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते. याचा अर्थ तारुण्य निरुपयोगी असा नव्हे : लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव १९२६ साली अमेरिकेतील एमआयटीतून अभियांत्रिकी शिकून परतले तेव्हा ते अवघे २३ वर्षांचे होते, मात्र त्यांच्या नव्या ज्ञानाला वडिलांचा चालता कारखाना आणि मुरलेले कारागीर मिळाले, ही बाब दृष्टिआड करता येत नाही.

गैरसमज : खरा उद्योजक एकटाच, स्वबळावर उभा राहतो.

वस्तुस्थिती : बेळगावातील कारखान्याची जागा नगरपालिकेच्या विस्तारासाठी सोडावी लागल्यावर लक्ष्मणरावांना औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची निवडुंगाने भरलेली माळरानाची जमीन आणि कर्ज दिले, आणि तिथेच किर्लोस्करवाडी वसली. जमीन नापीक होती, पण रेल्वे दारात होती, आणि नांगरासारख्या अवजड मालासाठी तेच मोलाचे होते.

गैरसमज : तंत्रज्ञान नसेल तर ते नवप्रवर्तन नव्हे.

वस्तुस्थिती : सेवा देण्याची रीत बदलणे हेही नवप्रवर्तनच होय. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने महिलांची बँक उभी करायचे ठरले, तेव्हा प्रवर्तक महिला निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. त्या महिला लिहायला-वाचायला शिकून पुन्हा गेल्या आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. रोज बाजारात बसणारी बाई बँकेत येण्यासाठी दिवसाची कमाई बुडवू शकत नाही, म्हणून या बँकेने आपली माणसे तिच्या दारी पाठवली.