गाडी उलाळ होते तेव्हा

१९४७ सालचं एक छायाचित्र अमेरिकेत अजून कौतुकाने दाखवलं जातं. फ्रेंच सायकलपटू आल्फ्रेड लेतूर्नर सायकलवर बसलाय आणि सायकलीमागे चकचकीत ॲल्युमिनियमचं अख्खं घर, एअरस्ट्रीम कंपनीचा ट्रेलर. यात जादू काही नाही. सपाट डांबरी रस्त्यावर चाकांवरची वस्तू संथपणे हलवत ठेवायला तिच्या वजनाच्या एक-दीड टक्का जोर पुरतो. हजार किलोला दहा-पंधरा किलोचा रेटा. तोच ट्रेलर घेऊन घाट उतरून दाखव, असं मात्र त्याला कोणी म्हटलं नसावं.

आजही ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, घेणाऱ्याचा पहिला प्रश्न तोच असतो: माझी गाडी किती ओढेल? जाहिरातीत त्याचं उत्तर मोठ्या टायपात छापलेलं असतं. एके काळी प्रत्येक कंपनी स्वतःच्या मापाने हा आकडा काढायची. २००८मध्ये वाहन अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने त्याला एक प्रमाण घालून दिलं. त्यातली एक परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर होते. सुमारे १८ किलोमीटरचा चढ, उन्हाळी उकाडा, एसी पूर्ण चालू, आणि गाडीने ठरावीक वेगाखाली यायचं नाही. आकडा खराच निघतो. पण त्यात गाडीत माणसं धरलेली असतात दोन, प्रत्येकी ६८ किलोची. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा, नातवंडं आणि लोणच्याच्या बरण्या त्यात नसतात.

खरी गोम ओढण्यात नाही, पेलण्यात आहे. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. दुचाकी गाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. पुढे जास्त झाला की मान दबते. ट्रेलरचंही तसंच. त्याची चाकं साधारण मधोमध, आणि पुढची दांडी गाडीच्या मागच्या हुकावर टेकलेली. अमेरिकेतला रिवाज असा, की ट्रेलरच्या भरलेल्या वजनाचा १० ते १५ टक्के भार त्या हुकावर यावा.

कमी आला तर काय होतं, हे ट्रेडमिलवर खेळण्यातल्या गाडीने दाखवतात. ट्रेलरमध्ये वजन पुढे ठेवलं आणि बोटाने बाजूला टिचकी मारली, तर तो दोन-तीन झोके घेऊन गप सरळ होतो. तेच वजन मागे सरकवलं, की पहिल्या झोक्यापेक्षा दुसरा मोठा, दुसऱ्यापेक्षा तिसरा, आणि शेवटी ट्रेलर गाडीलाही फरफटत नेतो. खऱ्या रस्त्यावर ही टिचकी शेजारून जाणाऱ्या मोठ्या ट्रकचा वारा मारतो. वेग वाढतो तसा झोके शमवण्याचा टायरांचा जोर अपुरा पडत जातो. एका मर्यादेपुढे झोका शमत नाही, वाढतच जातो. म्हणून कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे, आणि जर्मनीत सहसा ताशी ८० किलोमीटरची. झोका सुरू झालाच, तर स्टिअरिंग सरळ धरून पाय एक्सलेटरवरून काढायचा आणि शक्य असेल तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे. वेग वाढवून ट्रेलर सरळ होतो, हा सल्ला देणाऱ्याच्या गाडीत बसू नये.

आता हिशेब. समजा पिकअप ४,००० किलो ओढू शकतो आणि सामानासकट ट्रेलर ३,२०० किलोचा आहे. वाटतं, भरपूर वाव आहे. पण ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक छोटा स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून किती, हे सांगणारा. त्यावर लिहिलंय ६५० किलो. ट्रेलरचे १३ टक्के म्हणजे ४१६ किलो हुकावर, जोडणीचं लोखंड ४०, नवरा-बायको १५०, दोन मुलं ७०. झाले ६७६. आजी-आजोबा अजून गाडीत बसायचेच आहेत.

शिवाय हा भार मागच्या चाकांच्याही मागे असतो, आणि तिथे तरफ काम करते. पुढच्या-मागच्या चाकांत ३.६ मीटर अंतर आणि हुक मागच्या चाकांपासून १.२ मीटरवर असेल, तर ४१६ किलोंमुळे पुढची चाकं १३९ किलोंनी हलकी होतात. वळवायची आणि ब्रेकची मोठी जबाबदारी याच चाकांवर. भार वाटून देणाऱ्या हुकाच्या पोलादी दांड्या यातला बराचसा भाग पुन्हा पुढे ढकलतात. दारावरचा आकडा मात्र त्या वाढवत नाहीत. आखूड गाडीत, २.४ मीटरच्या, हेच १३९चे २०८ होतात. दिसायला दणकट जीप इथे फसते.

खात्री करायची तर काटा गाठायचा. साखर कारखान्याच्या दारात उसाची ट्रॉली जशी चढते, तशी अमेरिकेत ट्रकतळांवरच्या काट्यांवर गाडी चढवता येते. पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर यांची वजनं वेगवेगळी छापून मिळतात. एकदा ट्रेलरसह आणि एकदा तो सोडून वजन केलं, की हुकावरचा भार वजाबाकीत निघतो. भार वाटणाऱ्या दांड्या तेवढ्या त्या वेळी सैल ठेवायच्या. फक्त पाण्याची टाकी भरूनच काट्यावर जावं. दीडशे लिटरची टाकी म्हणजे दीडशे किलो, आणि ती ट्रेलरच्या मागच्या टोकाला असेल, तर रिकाम्या टाकीने काढलेली चिठ्ठी पहिल्या नळापर्यंतच खरी.