कवट्या, फूटपट्टी आणि वंशसंहाराचा पाठ

वंशसंहार आणि मानवी हक्क शिकवायला साहित्य कोठून आणावे, असे शिक्षक विचारतात, तेव्हा बहुधा प्रेतांच्या ढिगांची छायाचित्रे पुढे केली जातात. त्यांनी वर्ग सुन्न होतो. पण हे घडले कसे, हे मुलांना कळत नाही. शिवाय हा विषय इतिहासाचा, असे समजून विज्ञानशिक्षक बाजूला राहतात. वास्तविक चांगले साहित्य त्यांच्याच कपाटात आहे.

सुरुवात मात्र व्याख्येपासून करावी. ‘जेनोसाइड’ हा शब्द पोलिश कायदेतज्ज्ञ राफाएल लेमकिन यांनी १९४४ साली वापरात आणला. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार संमत केला. त्याचे दुसरे कलम अर्ध्या पानाचे आहे. ते फळ्यावर लिहावे. राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट नष्ट करण्याच्या हेतूने केलेली पाच कृत्ये त्यात आहेत. ठार मारणे हे त्यांतले केवळ एक. गटात जन्म होऊ न देणे, मुले हिरावून दुसऱ्या गटाला देणे, हेही वंशसंहारच, हे वाचून मुले थबकतात. दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. त्याचे मराठी भाषांतर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते.

आता प्रश्न असा, की ‘ते लोक वेगळे, हलके’ हे ठरवले कोणी? येथे विज्ञान आरोपीच्या पिंजऱ्यात येते. आजच्या नामिबियात १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. मृतांच्या कवट्या मोजमापासाठी जर्मनीत नेल्या गेल्या. त्यांपैकी २० कवट्या बर्लिनच्या शारिते रुग्णालयाने २०११ साली परत केल्या. १९०८ साली याच प्रदेशात मिश्र वंशाच्या लोकांची मोजमापे घेणारे ऑयगेन फिशर पुढे बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेचे संचालक झाले.

त्यांच्याकडे पुण्याहून एक विद्यार्थिनी गेली. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून आपण ओळखतो त्या इरावती कर्वे. युरोपीय माणसाची कवटी दोन्ही बाजूंनी असमान असते आणि ते त्याच्या श्रेष्ठ बुद्धीचे लक्षण, असा फिशर यांचा तर्क होता. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वंश आणि असमानता यांचा संबंध आढळला नाही, आणि त्यांनी प्रबंधात तसे लिहिले. मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध! फिशर १९३३ साली बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. महायुद्धाच्या काळात ऑश्विट्झ छळछावणीतील मृतांच्या अवयवांचे नमुने याच संस्थेत अभ्यासासाठी येत होते.

ही हकीकत सांगून झाली, की फूटपट्टी काढावी. प्रत्येकाने आपल्या उजव्या हाताची वीत मिलिमीटरपर्यंत मोजून एका चिठ्ठीवर लिहावी. हजेरीतील सम आणि विषम क्रमांक असे दोन गट करून सरासरी काढावी. दोन सरासऱ्या बहुधा जुळणार नाहीत. ‘मग सम क्रमांकाची मुले वेगळी का?’ असे विचारावे. नंतर चिठ्ठ्या पिसून नवे गट पाडावेत. फरक बदलतो, कधी उलटतोही. सगळी मापे एका रेषेवर टिंबांनी मांडली, की दोन्ही गट एकमेकांत मिसळलेले दिसतात. १९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन यांनी रक्तातील प्रथिनांवरून दाखवले, की माणसांमधील सुमारे ८५ टक्के जनुकीय विविधता एकाच लोकसमूहाच्या आत असते. हा आकडा या टिंबांनंतर सांगितला, तर पचतो.

एक पथ्य पाळावे. गट जात, धर्म किंवा रंगावरून मुळीच पाडू नयेत. आपल्या वर्गांत तर नाहीच. मुलांना कैदी आणि पहारेकरी करून नाटक बसवू नये, असा सल्ला वॉशिंग्टनचे होलोकॉस्ट स्मृतिसंग्रहालयही शिक्षकांना देते. त्यांचा ज्ञानकोश संकेतस्थळावर विनामूल्य आहे आणि त्यातील बरेच लेख हिंदीतही मिळतात. प्रयोगाला दोन तास लागतात. चिठ्ठ्या टाकू नयेत. पुढच्या वर्षीच्या वर्गाला तुलनेसाठी उपयोगी पडतील.