इंजिन बंद झालं तेव्हा

गेल्या डिसेंबरात आमच्या बचत गटातल्या अकरा जणी रात्रीच्या गाडीने मालवणला गेलो. निघण्याआधी एकीच्या लेकीने मोबाईलवर परदेशातला व्हिडिओ दाखवला होता. पीएमपीच्या बसएवढा देवमासा पाण्यातून उसळतो, बोटीतली माणसं किंचाळतात. हंपबॅक, म्हणजे कुबडवाला देवमासा. आपणही हाच बघायचा, असं ठरवून आम्ही देवबागला होडीत बसलो.

तो काही दिसला नाही. का दिसला नाही, ते परत आल्यावर वाचलं. जगातले बाकीचे हंपबॅक थंड समुद्रात पोट भरतात आणि पिल्लांसाठी हजारो किलोमीटर पोहत उष्ण समुद्रात येतात. आपल्या अरबी समुद्रातले मात्र बारा महिने इथेच राहतात. ओमानच्या किनाऱ्याजवळ ते शंभराहूनही कमी उरलेत, असा अंदाज आहे. 1966 मध्ये सोव्हिएत बोटींनी या समुद्रात दोनशेहून जास्त हंपबॅक मारले. मुळात थोडे, त्यात हे. 2017 मध्ये ओमानला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला खूण देणारं यंत्र बसवलं. तिचं नाव लुबान. ती सरळ समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली आणि किनाऱ्याने खाली कन्याकुमारीपर्यंत गेली. म्हणजे माहेर-सासर दोन्ही याच समुद्रात! पण तासाभराच्या फेरीत ती भेटावी, ही अपेक्षा जरा जास्तच.

आम्हाला दिसले ते डॉल्फिन. तेही हंपबॅकच. या डॉल्फिनच्या पाठीवर मधोमध उंचवटा असतो, त्यावर छोटा पर. रंग राखाडी. हा किनारा सोडून फार खोल जात नाही, उथळ पाण्यात मासे धरतो. मच्छीमारांची जाळीही तिथेच आणि आपल्या पर्यटकांच्या होड्याही तिथेच. अडचण इथेच सुरू होते.

पहिल्या दिवशी एक पाठ दिसली आणि पाच होड्या तिकडे धावल्या. त्यांतली एक आमची. "काका, जवळ घ्या, जवळ घ्या," असं ओरडत कोण होतं? आम्हीच. पैसे दिलेत, तर नीट दिसायला नको? पाठ बुडाली, ती पार लांब निघाली. आम्ही परत मागे. शेवटी हाती आले डिझेलचा वास आणि दोघींच्या उलट्या.

डॉल्फिन मासा नाही. त्याला फुप्फुसं आहेत, श्वासाला वर यावंच लागतं. आपण पाठलाग केला की तो श्वास आवरता घेऊन बुडी मारतो. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, तेही काही वर्षांनी एकदा, आणि ते अंगावरचं दूध पितं. धावपळीत कुठली आई पाजणार? शिवाय हा प्राणी आवाजाने बघतो. टिकटिक आवाज सोडतो, त्याचा प्रतिध्वनी ऐकून मासा कुठे आहे ते ओळखतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो, हवेपेक्षा चौपटीहून वेगाने. आमच्यातली एक भोसरीत प्रेस शॉपमध्ये काम करते. ती म्हणाली, "मशीन चालू असताना शेजारणीचं बोलणं ऐकू येत नाही. पाच होड्यांमध्ये त्याचं तेच होत असेल." आम्हाला कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा हे लवकर पटलं. 1972 च्या वन्यजीव कायद्यात डॉल्फिन वाघाच्याच, पहिल्या अनुसूचीत आहे. वाघामागे जीप पळवली तर आपण नावं ठेवतो.

दुसऱ्या दिवशी वारा सुटायच्या आत, सकाळी सातला निघालो. होडी दुसरी. आधीच सांगितलं, "काका, मागे लागू नका. नाही दिसले तरी पूर्ण पैसे देऊ." काकांना हे वाक्य ऐकायचंच होतं बहुतेक. गिऱ्हाईक रुसेल म्हणूनच तर ते होडी पळवतात. पावसाळ्यात हा धंदा बंद, मिळकत तेवढ्याच महिन्यांची. लांबवर पाठी दिसल्या, तसं त्यांनी इंजिन बंद केलं. "वायच गप रवा," म्हणाले.

दहा-बारा मिनिटं काहीच नाही. मग डावीकडे फुस्स झालं. श्वासाचा आवाज, अगदी प्रेशर कुकरची शिट्टी सुटायच्या आधी येतो तसा. चार मोठे आणि एक पिल्लू, आईच्या कुशीला चिकटून. होडीपासून बरंच अंतर राखून आपल्या वाटेने गेले. आमच्यातल्या कुणीही व्हिडिओ काढला नाही, आणि हे लक्षात आलं ते चहा पिताना.

यंदाही डिसेंबरात जाणार आहोत. दोन जागा शिल्लक आहेत. यायचं असेल तर पुढच्या बैठकीत नाव द्या. उलटीची गोळी निघण्याआधीच घ्या, होडीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही.